रात्रीची वेणी

परवाची गोष्ट. नात शनिवार-रविवार बोईसरला आली होती. नोकरी अंधेरीला, तिथेच तीन मैत्रिणींबरोबर राहते. रात्री झोपायच्या वेळी तिने पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढला. गुलाबीसर, गुळगुळीत, हात लावला की सरकणारा. माझी शेवरीच्या कापसाची उशी तिने त्यात घातली आणि म्हणाली, "आजी, हा सिल्कचा आहे. यावर झोपलं की केस तुटत नाहीत."

"केवढ्याला?"

"अडीच हजार."

मी काही बोलले नाही. म्हणजे लगेच बोलले नाही. बत्तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर न बोलणं किती जमणार? मी म्हटलं, खरं रेशीम आहे का ते बघूया. शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडाचा एक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. रेशीम म्हणजे प्रथिन, केसही प्रथिनच. म्हणून खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. हा धागा मात्र वितळला आणि टोकाला मोहरीएवढा कडक काळा गोळा झाला. पॉलिस्टर! सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे. सॅटिन रेशमाचंही असतं आणि पॉलिस्टरचंही. विकणाऱ्याने वीण दाखवली आणि रेशमाचे पैसे घेतले.

मला वाटलं, आता ती माझं कौतुक करील. ती चिडली. म्हणाली, "आजी, तू तरी मला कधी खरं सांगितलंस? लहानपणी काय सांगायचीस, केस मोकळे सोडून झोपलं की भूत झोंबतं. ओल्या केसांनी झोपलं की सर्दी होते. मी होस्टेलला चार वर्षं मोकळ्या केसांनी झोपले. भूतही आलं नाही आणि सर्दीही झाली नाही. मग तुझं सगळंच खोटं समजून सोडून दिलं."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगी चुकली नव्हती. अडीच हजाराला तिला कुणीतरी फसवलं हे खरं, पण त्याआधी आम्ही तिला फुकटात फसवलं होतं. म्हणून आज हे लिहितेय. केसांबद्दल आहे, पण केसांपुरतं नाही.

आधी केसांचं बोलू. आम्ही बायकांनी पिढ्यानपिढ्या रात्रीची वेणी घातली. माझी आई पडवीत बसून आम्हा तिघी बहिणींचे केस कंदिलाच्या उजेडात विंचरायची. जेवणं, भांडी, अंथरुणं आणि मग केस. टोकांना बोटभर खोबरेल तेल, सैलशी तिपेडी वेणी आणि शेवटी आगवळ. लोकरीची ती काळी आगवळ आता दुकानातही दिसत नाही. हे सगळं बरोबरच होतं. का बरोबर होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. तो नखासारखा आहे. त्याला रक्त नाही, स्वतःला दुरुस्त करण्याची सोय नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, जरासा जास्तच वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढ्या वर्षांपूर्वी डोक्यातून उगवलेलं टोक ती आज विंचरत असते. एवढ्या वर्षांत त्याने किती रात्री उशीवर घासून काढल्या असतील, करा हिशेब.

केसावर कौलांसारखे खवले असतात. घरावर कौलं कशी एकावर एक बसवतात आणि पाणी खाली ओघळतं, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले असतात. आपण झोपेत कूस बदलतो, डोकं उशीवर घासतं, त्या कौलांच्या कडा उचलल्या जातात, झिजतात. मग एक केस दुसऱ्यात अडकतो, गुंता होतो, सकाळी आपण घाईत कंगवा ओढतो आणि केस मधेच तुटतो. केसांना फाटे फुटतात तेही अशाच झिजेने. ओला केस तर आणखी नाजूक. पाणी पिऊन तो फुगतो, जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो. ओल्या केसांनी झोपू नये याचं कारण हे आहे. सर्दी विषाणूने होते, ओल्या केसांनी नव्हे. पण आम्ही सर्दीच सांगत राहिलो.

वेणी घातली की हजारो सुटे केस तीन पेडांत बांधले जातात, उशीवर घासतात ते फक्त बाहेरचे. गुंता होत नाही. एवढीच गंमत आहे. यात भूत नाही आणि अवदसाही नाही.

तेलाचंही तसंच. २००३ साली मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांवर तपासली. केसांतलं प्रथिन निघून जाणं खोबरेल तेलाने कमी झालं, बाकी दोघांनी नाही. कारण असं की खोबरेल तेलाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. आता मॅरिको खोबरेल तेल विकणारी कंपनी, हे मला माहीत आहे. म्हणून हेही सांगते की या तेलाने नवे केस उगवतात असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. तेल केसाला सांभाळतं, इतकंच. टोकांना बोटभर पुरतं, उशी तेलकट होईस्तोवर थापायची गरज नाही.

आणि गुळगुळीत अभ्रा? तोही खोटा नाही! गुळगुळीत कापडावर घर्षण कमी होतं, मग ते रेशीम असो की पॉलिस्टर. अमेरिकेतल्या काळ्या बायका पिढ्यानपिढ्या डोक्याला सॅटिनचा रुमाल किंवा टोपी बांधून झोपत आल्या आहेत. त्यांचे केस कुरळे, कोरडे आणि तुटायला सोपे, त्यामुळे त्यांच्या आज्यांनी ही युक्ती सांभाळली. जपानात पूर्वी बायका केशरचना मोडू नये म्हणून उंच, कडक उशीवर मान टेकवून झोपत. रात्री केस कसे सांभाळायचे हा प्रश्न जगभरच्या बायकांनी आपापल्या परीने सोडवला होता. माझं भांडण अभ्र्याशी नाहीच. एका आजीची युक्ती उचलायची, तिला डबीत घालायचं आणि दुसरीच्या नातीला अडीच हजाराला विकायची, भांडण त्याच्याशी आहे. आमच्याकडे जुन्या लुगड्याचा धडपा होता. वापरून वापरून तो इतका मऊ झालेला असे की उशीवर तोच टाकत. फुकट!

इथवर माझ्या वयाच्या मंडळींना छान वाटलं असेल. "बघा, आपलं जुनं ते सगळं शास्त्रीयच होतं!" असे निरोप सकाळपासून मोबाइलवर येतच असतात. पण भांडणाचा दुसरा अर्धा भाग तुमच्याशीच आहे. आणि माझ्याशीही.

पहिलं म्हणजे, जुनं ते सगळं बरोबर नव्हतं. आमच्या शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या होत्या. सैल वेणी दिसली की मी स्वतः मुलीला बाहेर उभी करायची. मुली आदल्या रात्रीच घट्ट वेण्या घालून, रिबिनींसकट झोपायच्या, कारण सकाळी नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणायचं असे. केस रोज असे ताणून बांधले की कपाळाच्या कडेचे केस मुळातून सैल होतात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे पुन्हा उगवत नाहीत. शिस्त म्हणून मी जे केलं ते केसांच्या मुळावर उठणारं होतं. रात्रीची वेणी सैलच हवी. बोट आत गेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे वेळ. "हल्लीच्या मुलींना केसांची काळजीच नाही," असं आमच्या कट्ट्यावर रोज कुणीतरी म्हणतं. मग जरा बोईसर स्टेशनवर पहाटे जाऊन उभ्या राहा. इथून चर्चगेट शंभर किलोमीटरच्या आसपास. पूर्वी आम्ही डहाणू-विरार शटलने जायचो, २०१३ पासून डहाणू लोकल झाली, गर्दी काही कमी झाली नाही. सकाळच्या गाडीला उभ्या असलेल्या दहा बायकांत चार-पाच जणींचे केस ओले असतात. त्या रात्री न्हातात, कारण सकाळी वेळ नाही. किंवा रात्रीच पाणी आलेलं असतं. रात्री साडेदहाला स्वयंपाक आवरून न्हायचं आणि तसंच पडायचं. जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, केस काय वाळणार? तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या मुलींचं तेच. शिवाय आमच्याकडे कूपनलिकेचं मचूळ पाणी, त्याने न्हायलं की केस आधीच राठ.

त्या बाईला केस वाळवायला आणि विंचरायला झोपण्याआधी वीस मिनिटं हवीत. ती कुणी द्यायची? ती न्हात असताना भांडी कुणी घासायची? सुनेच्या गळलेल्या केसांबद्दल बोलणाऱ्या सासवांना (त्यात मीही आले) माझा एवढाच प्रश्न आहे. माझ्या आईला आमच्या तिघींच्या वेण्या घालायला वेळ होता, कारण मागे आजी ताक घुसळत होती आणि काकू अंथरुणं घालत होती. आता त्या घरात एकच बाई आहे आणि ती पहाटेची गाडी पकडते. तिला अभ्रा विकणं सोपं आहे. वीस मिनिटं देणं अवघड, कारण ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून काढावी लागतात.

आता तिसरं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. सहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. निबंध सुरेख लिहायची. पावसाळ्यात तिला ताप भरला, बरेच आठवडे अंथरुणावर होती. आजारी पोरीचे केस कोण विंचरणार? मोकळे केस, घाम, दिवसरात्र उशीवर घासणारं डोकं. मानेमागे गुंता झाला, गुंत्याचा गोळा झाला, गोळा घट्ट झाला. ती उठून बसली तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवीची जट आली. हळदकुंकू वाहिलं. आता कात्री लावायची नाही, लावली तर देवीचा कोप.

ती शाळेत आली तेव्हा मुली तिच्याशेजारी बसेनात. वास यायचा, उवा झाल्या होत्या. मी तिच्या घरी गेले. तिच्या आजीने मला चहा दिला आणि विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. कापू का? कापली आणि पोरीला काय झालं तर?"

मंडळी, ती म्हातारी माझ्याकडे दार उघडून उभी होती. तिला नुसतं "कापा, मी जबाबदारी घेते" म्हणणारं माणूस हवं होतं. मी पालघरच्या दांडेकर कॉलेजातली बीए, वर्गात आगरकर शिकवणारी. मी म्हणाले, "तो तुमच्या घरातल्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी काय सांगणार?" आणि एसटी पकडून परत आले.

खरं सांगू? मला श्रद्धेचा आदर वगैरे काही वाटला नव्हता. मला भीती वाटली होती. लहानपणी तिन्हीसांजेला केस मोकळे सोडले की आई ज्या आवाजात ओरडायची, तो आवाज माझ्या आत होता. केसांत काहीतरी असतं, त्यांना छेडू नये, हे रात्रीच्या वेणीबरोबर माझ्यातही विणलं गेलं होतं. ज्या भीतीने आम्हाला रोज वेणी घालायला लावली, तिनेच त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लावलं.

मुलगी सातवीत आली नाही. कित्येक वर्षांनी ती मला बोईसरच्या बाजारात दिसली. डोक्याला फडकं, त्याखाली जटेचं गाठोडं खांद्यावर आलेलं, मान एका बाजूला कललेली. "बाई, ओळखलंत का?" म्हणाली. हसली. मी ओळखलं.

जट म्हणजे गुंता. न विंचरलेल्या, न धुतलेल्या, घासल्या गेलेल्या केसांचा नमदा. तिच्यात देवी नसते. पण या गुंत्यापायी आपल्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात किती मुली देवीला सोडल्या गेल्या! मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला, महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्या. मुलाखतींतून त्यांचं काम कळलं तेव्हा मी थक्क झाले. बाईच्या शेजारी बसायचं, तिच्याशी आणि घरच्यांशी बोलायचं, पुन्हा जायचं, पुन्हा बोलायचं. कात्रीचं काम त्या मानाने थोडक्याच वेळाचं. खरी मेहनत भीती काढण्याची. समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तरी हे काम थांबलं नाही. मला तर त्या दिवशी तिथे फक्त "हो, कापा" म्हणायचं होतं.

म्हणून म्हणते, "कारण काही का असेना, वेणी तर घातली ना!" हे मला मान्य नाही. कारणाने फरक पडतो. घर्षण हे कारण ज्या मुलीला ठाऊक आहे, ती वेणी घालील, वेणी नसेल तर गुळगुळीत कापड शोधील, आजारी मैत्रिणीचे केस दोन दिवसांआड विंचरून देईल आणि गुंता सुटत नसेल तर सरळ कात्री घेईल. भूत हे कारण जिला दिलंय, ती एक तर घाबरून राहील, नाहीतर माझ्या नातीसारखी भुताबरोबर वेणीही फेकून देईल. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी मग दुकानदार येऊन बसतो.

आजी-आजोबांनो, आपल्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. पण देताना त्यातली भीती निवडून द्या, तांदळातले खडे निवडतो तशी. कारण माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. पोरं आपल्यापेक्षा लवकर शोधून काढतात. आणि घरात कुणी बाळंतीण असेल, आजारी असेल, अंथरुणाला खिळलेली असेल, तर औषधाच्या वेळेसारखी तिच्या केसांचीही वेळ ठरवा. फणी तिच्या हातात देऊ नका, स्वतः बसा. टोकांपासून सुरुवात करून वर जायचं, मुळापासून खाली ओढायचं नाही.

रविवारी रात्री नात परत जायच्या आधी न्हायली. मी भांडी घासली, ती पंख्याखाली बसली. जुन्या सुती पंच्याने केस टिपायला सांगितले, खसाखसा पुसायचे नाहीत. वाळल्यावर सैल वेणी मी घातली. ती मधेच म्हणाली, "आजी, मग तो अभ्रा फेकून देऊ का?"

म्हटलं, "कशाला? गुळगुळीत आहे, राहू दे. फक्त रेशीम म्हणू नकोस."

असो. लेख लांबला. आपल्या घरी रात्री झोपताना केसांबद्दल काय सांगायचे आणि त्याचं कारण काय द्यायचे, ते जरूर कळवा. खरं कारण माहीत असेल तर अधिकच उत्तम.